जेडवरचं वटवाघूळ: ते बघायचं नसतं, उच्चारायचं असतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसातला चिनी सहकारी बदली होऊन शांघायला परत गेला, जाताना तुम्हाला हिरव्या जेडचं पेंडंट देऊन गेला, त्यावर पंख पसरलेलं वटवाघूळ आहे, तेही डोकं खाली, आणि त्याच्या खाली चौकोनी भोकाचं नाणं. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या हे गळ्यात तर नकोच, घरातही नको, देऊन टाक कोणाला तरी. तुम्ही विचारलंय की अर्थ काय, घालू का नको, आणि दगड खरा आहे का.

अर्थ मी खात्रीने सांगू शकते. दगड खरा का ते फोटोवरून कोणीच सांगू शकत नाही, आणि घालायचं का हे तुमच्या घरावर आहे. त्याच क्रमाने लिहिते, थोडं लांबेल.

मी जेमॉलॉजिस्ट आहे. आता ठाण्यात असते पण त्याआधी 9 वर्षं चीनमधल्या ग्वांगझोऊला राहून माल बघायचं काम केलं. तिथे ह्वालिन नावाचं मंदिर आहे, भारतातून समुद्रमार्गे गेलेले बोधिधर्म याच जागी उतरले असं तिथली लोकं मानतात, आणि त्या मंदिराच्या आजूबाजूच्या गल्ल्या म्हणजे जेडचा मोठा बाजार. पहिलं वर्षभर मी तिथे नुसता रंग, पाणी आणि तडे बघत फिरायचे, कोरीवकाम म्हणजे आपलं डिझाइन, एवढंच डोक्यात होतं. मग एक दिवस मैत्रिणीच्या लग्नासाठी एक तुकडा आवडला म्हणून बाजूला काढला, दुकानातल्या बाईंनी विचारलं कोणासाठी, मी सांगितलं, आणि त्यांनी तो माझ्या हातातून सरळ काढून घेतला आणि दुसरा ठेवला. किंमत दोन्हीची सारखीच होती. पहिल्यावर बगळा आणि कमळ होतं, दुसऱ्यावर प्लमच्या फुललेल्या फांदीवर बसलेली मॅग्पाय पक्ष्यांची जोडी. त्या म्हणाल्या बगळा-कमळ परीक्षेला बसणाऱ्या मुलाला देतात, लग्नात देशील तर लोकं काय म्हणतील! त्या दिवसापासून मी कोरीवकाम वाचायला शिकायला लागले.

वाचायला हा शब्द मुद्दाम वापरतेय कारण तुमचा खरा प्रॉब्लेम तिथेच आहे. तुम्ही आणि सासूबाई ते चित्र बघताय. ते बघायचं नसतं, त्यातल्या वस्तूंची नावं चिनीत मोठ्याने म्हणायची असतात. आपल्याकडे गाडीच्या नंबरप्लेटवर 4141 लिहून त्याचं 'दादा' करतात ना, बाहेरच्या माणसाला तो फक्त आकडा दिसतो आणि आपल्याला लगेच शब्द वाचता येतो, साधारण तसंच. फरक इतकाच की प्लेटवर अक्षराचा आकार जुळवलेला असतो आणि जेडवर उच्चार जुळवलेला असतो. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे ढीगभर शब्द आहेत, त्यामुळे हे तिथे फार सोपं जातं.

आता तुमचं पेंडंट वाचू. वटवाघळाला चिनीत बियेनफू म्हणतात. त्यातल्या 'फू'चा उच्चार, अगदी सुरासकट (चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो), भाग्य या अर्थाच्या 'फू'सारखाच होतो. म्हणजे वटवाघूळ म्हटलं की भाग्य ऐकू येतं, बस. ते प्राणी म्हणून त्यात कुठेच नाही. ते उलटं का आहे, तर उलटं होणं याला 'ताओ' म्हणतात आणि येऊन पोचणं यालाही 'ताओ', सूरही तोच. उलटं वटवाघूळ म्हणजे भाग्य दारात आलं. नवीन वर्षाला चिनी घरांच्या दारावर 'फू' हे अक्षर लाल कागदावर मुद्दाम उलटं चिकटवलेलं दिसतं त्याचं कारणही हेच. आणि नाणं? नाण्याच्या मधल्या भोकाला ते डोळा म्हणतात, 'येन'. नाण्याला 'छिएन'. दोन्ही जोडून 'येनछिएन' झालं, आणि 'येनछिएन' म्हणजे डोळ्यांसमोर. तर वटवाघूळ अधिक भोकाचं नाणं हे पूर्ण वाक्य आहे, 'फू त्साय येनछिएन', भाग्य अगदी डोळ्यांसमोर आहे. बाजारात हे इतकं कॉमन डिझाइन आहे की दुकानदार वस्तूचं नाव म्हणूनच हे चार शब्द सांगतात. तुमच्या फोटोत पंखांची टोकं ढगासारखी आत वळलेली दिसतायत, ती पण परंपरागत पद्धत आहे, म्हणूनच बऱ्याच लोकांना पहिल्यांदा ते वटवाघूळ न वाटता फुलपाखरू वाटतं.

म्हणजे त्या माणसाने जाताना तुमच्या घराला चांगला आशीर्वाद दिलाय. अशा वस्तू उगाच उचलून देत नाहीत, देणारा विचार करून निवडतो.

सासूबाई चुकल्या असं मी अजिबात म्हणणार नाही. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की अजूनही लोकांच्या अंगावर काटा येतो, आणि मराठीत 'वटवाघूळ' या शब्दात भाग्य कुठेच ऐकू येत नाही. उलटं करून बघा. आपण ओटी भरतो, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण. आपल्या बाईचे डोळे भरून येतात त्याने. चिनी बाईला त्यात किराणा दिसेल. अर्थ वस्तूत नसतो, तो देणाऱ्या-घेणाऱ्याच्या भाषेत असतो, आणि जेडच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे कारण चिनी भाषा काढून घेतली की निम्म्याहून जास्त चिन्हं मुकी होतात.

वटवाघळाबद्दल अजून एक सांगते कारण सासूबाईंना हे कदाचित पटेल. पाच वटवाघळं एकत्र कोरली तर ती पाच भाग्यं, 'वू फू'. खूप जुन्या चिनी ग्रंथात ती मोजून दिलीयत: दीर्घायुष्य, संपत्ती, निरोगी आणि निवांत आयुष्य, सदाचाराची आवड, आणि पाचवं म्हणजे आयुष्य पुरं झाल्यावर आलेलं नैसर्गिक मरण. हे पाचवं मला फार आवडतं. आपली म्हातारी माणसं देवाकडे हेच मागतात ना, हातीपायी धड असताना नेऊ दे, कोणाच्या हातून करून घ्यायला लावू नको. चांगल्या मरणाला भाग्यात मोजणारी माणसं आपल्याला परकी कशी वाटतील?

हे एक कळलं की बाकीचं भराभर उलगडतं. मासा म्हणजे 'यू', आणि शिल्लक उरणं पण 'यू', म्हणून मासा म्हणजे घरात खाऊन-पिऊन उरेल इतकं असू दे. त्याच्याबरोबर कमळ असेल तर ते 'लिएन', सलग, म्हणजे दर वर्षी उरू दे. हरीण 'लू', सरकारी पगार आणि हुद्दा पण 'लू'. फुलदाणी 'फिंग', आणि शांततेतला 'फिंग' तोच. माकड घोड्यावर बसलेलं दिसलं तर हसू नका, 'मा शांग' म्हणजे घोड्यावर आणि 'मा शांग' म्हणजे ताबडतोब, माकड 'होउ' आणि पूर्वीच्या काळची सरदारकीची पदवी पण 'होउ', सगळं मिळून लवकर प्रमोशन होऊ दे. आणि वर सांगितलेली मॅग्पायची जोडी, तिच्या नावातच 'शी' म्हणजे आनंद आहे, प्लम म्हणजे 'मेइ' आणि भुवई पण 'मेइ', आनंद भुवयांच्या टोकापर्यंत चढलाय, आपण म्हणतो तसं आनंद चेहऱ्यावर मावत नाहीये. बगळा-कमळात बगळा 'लू' म्हणजे वाट आणि कमळ पुन्हा सलग, एका वाटेने ओळीने परीक्षा पास होत जा. लग्नात का नको ते कळलं असेल.

प्रत्येक वेळी उच्चार तंतोतंत जुळतोच असं नाही. दुध्या भोपळा, तोही मध्ये बारीक कंबर असलेला, 'हूलू', आणि भाग्य-हुद्दा मिळून 'फूलू', हे नुसतं जवळपास आहे, पण भोपळ्यात भरपूर बिया असतात म्हणून भरपूर मुलंबाळं हाही अर्थ जोडला गेला आणि वेलीसकट कोरला की पिढ्यान्‌पिढ्या वंश चालू दे. यावरून आठवलं, शाहजहानचा पांढऱ्या जेडचा प्रसिद्ध प्याला आहे, 1657 सालचा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, तो अर्ध्या भोपळ्याच्या आकाराचा आहे, खाली कमळाच्या पाकळ्या आणि मुठीला बकऱ्याचं डोकं. पण तिथे भोपळा म्हणजे आकाराचं सौंदर्य, 'फूलू' नाही. आणि गंमत अशी की चीनचा छिएनलुंग बादशहा अशा हिंदुस्तानी जेडच्या कामावर इतका खूश होता की तो ते गोळा करायचा आणि त्यावर कविता करायचा. हात सगळ्यांचेच सुंदर, पण आकार प्रवास करतो आणि उच्चार मागे राहतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण इंटरनेटवर चिन्हांच्या याद्या मिळतात आणि त्यात हा भाग नसतो.

एक म्हणजे काळ. सिकाडा घ्या, तो झाडावर किर्र आवाज करणारा किडा. हान काळात, म्हणजे साधारण 2000 वर्षांपूर्वी, जेडचा सिकाडा मेलेल्या माणसाच्या जिभेवर ठेवायचे. त्याचं पिल्लू जमिनीखाली राहतं आणि वर्षांनी बाहेर येऊन कात टाकतं, म्हणून पुन्हा जन्म. जेड शरीर सडू देत नाही असाही त्यांचा विश्वास होता, ल्यू शंग नावाच्या राजपुत्राला तर जेडच्या 2498 तुकड्यांचा सोन्याच्या तारेने शिवलेला आख्खा पोशाख घातला होता, तो 1968 ला चीनमधल्या मानचंगला सापडला. आणि आज तोच सिकाडा कॉलेजच्या मुलाच्या गळ्यात असतो, अर्थ, एकदा आवाज काढला की सगळे थक्क! कोणी तुम्हाला सिकाडा दिला आणि तुम्ही यादीत 'मृतांच्या तोंडात ठेवतात' असं वाचलं तर केवढा गोंधळ होईल बघा. तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममधला जेडचा कोबी पण तसाच. 18.7 सेंटिमीटरचा तुकडा, खाली पांढरा वर हिरवा, जसा रंग होता तसाच वापरून चायनीज कोबी केलाय आणि पानांवर टोळ आणि नाकतोडा बसवलेत. तो ग्वांगशू बादशहाच्या एका राणीच्या महालातला, पांढरा देठ म्हणजे शुद्ध चारित्र्य आणि किडे म्हणजे भरपूर मुलं असा अर्थ लावतात. आज तुम्ही दुकानात कोबी मागा, दुकानदार म्हणेल 'पायत्साय', शंभर प्रकारची संपत्ती, दुकानाच्या गल्ल्यावर ठेवा. वस्तू तीच, शंभर-सव्वाशे वर्षांत राणीच्या महालातून गल्ल्यावर आली. आणि अजून मागे गेलात, ल्यांगजू या प्राचीन चिनी संस्कृतीच्या 5000 वर्षांपूर्वीच्या गोल चकत्या आणि चौकोनी नळ्या, तर त्या करणाऱ्यांनी वाचता येईल असं काहीच लिहून ठेवलेलं नाही, चकती म्हणजे आकाश आणि नळी म्हणजे पृथ्वी हे जे सांगतात ते त्यानंतर हजारो वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथातलं आहे. माझं मत, तिथे गप्प बसून नुसतं बघावं.

दुसरं म्हणजे कोण कोणाला देतंय. तिथे म्हण आहे, पुरुषांनी क्वानयिन (करुणेची देवी) घालावी, बायकांनी बुद्ध. याची कारणं दहा सांगतात, पण मला पटलेलं कारण पुन्हा उच्चाराचंच, क्वानयिन हे सरकारी शिक्का या शब्दासारखं ऐकू येतं आणि बुद्ध म्हणजे 'फो', तो 'फू'च्या जवळ जातो. क्वानयिन म्हणजे मुळात आपला अवलोकितेश्वर बरं का, अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यातला कमळ धरलेला पद्मपाणि, तोच चीनमध्ये जाऊन हळूहळू स्त्रीरूपात गेला. आणि बायकांनी घालायचा तो पोट सुटलेला हसरा बुद्ध म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत. तो बूताय नावाचा चिनी भिक्खू, ज्याला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानतात. आपल्याकडे हे फार सरमिसळ करून विकतात आणि श्रद्धेने बुद्धांना मानणाऱ्या माणसाला ती मूर्ती भेट दिली तर त्याला वाईट वाटू शकतं, तेवढं लक्षात ठेवा.

आता दगडाकडे येते. इथे एक गोष्ट आहे जी धंद्यातली लोकं गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. ह्वालिनच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर होते, मी त्यांच्याकडे तासन्‌तास बसायचे. एकदा त्यांच्याकडे आगपेटीएवढा तुकडा आला, रंग छान, पण टॉर्च खालून लावला की वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ चमकायची. तडा. ते तो तुकडा हातात फिरवत राहिले, थुंकी लावून ओला करायचे आणि परत बघायचे, मग पेनने त्याच रेघेवर बांबू काढला. तडा बांबूची कड झाला. जिथे एक आडवी बारीक रेघ होती तिथे पेर पाडलं. बांबूचं पेर म्हणजे 'च्ये', पेरापेराने वर चढत जा, नोकरीवाल्याला द्यायला एकदम योग्य. पुरा झाल्यावर मलासुद्धा तडा शोधावा लागला. त्यांच्या धंद्यात म्हण आहे, तडा नसेल तर फूल कोरू नये. म्हणजे जितकं दाट कोरीवकाम तितका त्याखाली काही लपलेलं असायची शक्यता जास्त. आणि सगळ्यात महाग दगड? त्यावर काहीच नसतं. गुळगुळीत आयताकृती पाटी, फार तर वरच्या कडेला थोडी नक्षी. तिला 'वू श पाय' म्हणतात, नक्षी नाही म्हणजे 'वू श', आणि काही अडचण नाही हेही 'वू श'. कोरं ठेवूनसुद्धा आशीर्वाद वाचता येतो!

दगड खरा का, यात आधी खरा म्हणजे काय ते ठरवावं लागतं. जेड नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात, नेफ्राइट आणि जेडाइट, ती वेगळी आहेत हे 1863 मध्ये दामूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं. चीनचं जुनं बहुतेक जेड नेफ्राइट, त्यातलं उत्तम शिनजियांगमधल्या खोतानच्या नद्यांतून यायचं. गडद हिरवं अर्धपारदर्शक जेडाइट म्यानमारच्या कचिन भागातून येतं आणि चीनमध्ये ते मोठ्या प्रमाणावर 18व्या शतकापासूनच आलं. म्हणून कोणी हान काळातलं म्हणून जेडाइट दाखवलं तर पुढे बोलायचीच गरज नाही. तुमचा रंग बघता ते जेडाइट असू शकतं, पण सर्पेंटाइन या जेडसारख्या दिसणाऱ्या हिरव्या दगडाची पण अशीच पेंडंट असतात, आणि आपल्याकडे हिरवं ॲव्हेंच्युरिन 'इंडियन जेड' म्हणून विकतात, ते तर क्वार्ट्झ आहे.

काचेवर ओरखडा मारून बघा असं कोणी सांगितलं असेल तर करू नका. ॲव्हेंच्युरिन पण काचेवर ओरखडा मारतं, मग कळलं काय? सुई तापवून टोचणं पण नको. समजा जेडाइट निघालं, तरी पुढचा प्रश्न राहतो. अ‍ॅसिडमध्ये भिजवून डाग काढून त्यात पॉलिमर भरलेलं असेल तर त्याला धंद्यात बी जेड म्हणतात, रंग चढवलेलं असेल तर सी, आणि ज्याला फक्त वरून मेण लावलंय ते ए. बी जेड पहिल्या दिवशी ए पेक्षा सुंदर दिसतं, पण पॉलिमर वर्षांनी पिवळट पडतो. मी स्वतः दहा पटीच्या लुपने, म्हणजे भिंगाने, बघून अंदाज बांधते पण शब्द देत नाही, पॉलिमर भरलंय का याची खात्री इन्फ्रारेड टेस्टनेच होते. मुंबईत जेम लॅब आहेत, तिथे द्या. पण एक विचारते, विकायचं नाहीये ना? मग रिपोर्टवर पैसे घालायच्या आधी विचार करा, कारण सर्पेंटाइनवर कोरलेलं असलं तरी वाक्य तेच राहतं. कोरीवकाम हाताचं का ते मात्र घरीच बघता येईल. वटवाघळाच्या पंखाखाली आणि नाण्याच्या कडेला नखाचं टोक फिरवा. खोली कमी-जास्त लागली, कड थोडी आत कापलेली लागली तर कोणीतरी हिऱ्याची पूड लावलेल्या बारीक चकत्यांनी बसून घासलंय. सगळीकडे एकच खोली आणि गोलसर बोथट कडा लागल्या तर मशीनने छापासारखं काढलंय, अशी हजारो सारखी निघतात.

राहिलं घालायचं का. ग्रहांशी याचा काही संबंध नाही, पन्न्याऐवजी घाला किंवा अमुक बोटात घाला असं कोणी सांगत असेल तर ते या परंपरेतलं नाही. कोणत्या वारी घालायचं वगैरे पण काही नसतं. माझा सल्ला, सासूबाईंना वस्तू पुन्हा दाखवायच्या आधी 'फू'ची गोष्ट सांगा, ती पाच भाग्यं पण सांगा, विशेषतः पाचवं. माझ्या आईने असंच एक पेंडंट दोन वर्षं कपाटात ठेवलं होतं, गोष्ट सांगितल्यावर काढून घातलं. तरीही त्यांच्या मनाला बरं वाटत नसेल तर भांडू नका, डबीत कापसात ठेवा, त्या माणसाची आठवण म्हणून ती वस्तू तशीही मोलाची आहे. फक्त देऊन टाकू नका.

घालणार असाल तर आधी दोरा बघा. अशा पेंडंटना रेशमी किंवा नायलॉनची विणलेली दोरी असते, वरच्या भोकाच्या कडेवर घासून ती दीड-दोन वर्षांत झिजते आणि नेमकी फरशीवर तुटते. जेड चिवट असतं पण वटवाघळाच्या पंखांची टोकं बारीक आहेत, तीच पहिली उडतात. पटवेकरी काम करणाऱ्याकडून ती बदलून घ्या, भोकाजवळ दुहेरी गाठ मारायला सांगा, आणि परफ्यूम मारून झाल्यावरच घाला. मागच्या बाजूचा, उजेडासमोर धरलेला एक फोटो टाकलात तर तडा कुठे असेल ते बघून सांगते.